गुरुवारचा राखीव वक्ता

चष्मेवाल्याने फोनवर सात आकडे दाबले, आठव्यावर अंगठा नेला आणि फोन काउंटरवर उलटा ठेवून दिला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

समोर गिऱ्हाईक बाई डाव्या डोळ्यावर हात धरून भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत होत्या. शेवटच्या ओळीशी येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "पुढचं धूसर आहे हो."

"असू दे," तो म्हणाला. "आज मलाही धूसरच आहे."

गुरुवार होता. दर गुरुवारी बाराच्या सुमाराला हा फोन व्हायचा म्हणजे व्हायचाच. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असो, अंगात ताप असो, तो मागच्या खोलीत जायचा, काचा घासायचं यंत्र बंद करायचा आणि त्या दिवशीच्या वक्त्याला विचारायचा, "नमस्कार. संध्याकाळी येताय ना?" सव्वीस वर्षांत बाराशेच्या वर माणसांना त्याने हे विचारलं होतं. आज नाही विचारायचं, असं त्याने पहाटेच ठरवलं होतं. ठरवायला काय लागतं? पाळताना मात्र त्याच्या अंगाला घाम फुटला होता.

गावातला क्लब दर गुरुवारी साडेसहाला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. क्लब रक्तदानाची शिबिरं घ्यायचा, शाळेला बाकं द्यायचा, म्हाताऱ्यांचे डोळे तपासायचा. ते सगळं खरंच. पण क्लबचा जीव होता तो गुरुवारात. आधी घंटा, मग मागच्या सभेचं इतिवृत्त, मग बाहेरून बोलावलेल्या वक्त्याची वीस मिनिटं, चहा-बिस्किटं, पुन्हा घंटा. आणि नियमांच्या वहीत बाविसाव्या कलमात लिहिलेलं होतं: नेमलेला वक्ता न आल्यास पंधरा मिनिटे वाट पाहावी, त्यानंतर राखीव वक्त्याने बोलावे.

राखीव वक्ता म्हणजे चष्मेवाला. हे पद त्याच्या गळ्यात पडलं तो किस्सा अजून चहाच्या वेळी निघतो. शेजारच्या गावच्या क्लबची मंडळी पाहुणी आली होती, आणि नेमका त्याच दिवशी वक्ता फिरकला नाही. पन्नास माणसं तासभर एकमेकांची तोंडं बघत बिस्किटं खात बसली. अध्यक्ष तेव्हा हेडमास्तर होते. त्यांच्या इतकं मनाला लागलं की पुढच्याच गुरुवारी त्यांनी कलम लिहून आणलं आणि विचारलं, "कोण होतंय राखीव?" सगळ्यांनी छताकडे पाहिलं. एकटा चष्मेवाला शेजारच्याच्या चष्म्याची वाकडी दांडी सरळ करत होता. त्याने मान वर केली तेव्हा टाळ्या चालू होत्या. आता बोला! पुढे लोक त्याला 'राखीव' म्हणूनच हाक मारायला लागले. नव्या सभासदांना ते त्याचं आडनाव वाटायचं.

गंमत अशी की सव्वीस वर्षांत राखीव एकदाही बोलला नव्हता.

वक्ते यायचेच. एकूण एक. हेडमास्तर छाती फुगवून सांगायचे, "आपल्या क्लबला शब्द दिला की माणूस मोडत नाही. ही आपली पत." चष्मेवाला मान डोलवायचा. पहिल्या गुरुवारी भीतीपोटी त्याने वक्त्याला फोन केला होता, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या गुरुवारीही केला. वक्ता विसरला असेल तर आठवण करायची, बस चुकली असेल तर स्कूटर घेऊन जायचं, घसा बसला असेल तर औषधवाल्याकडून गोळ्या घेऊन दारात उभं राहायचं. एकदा तर एक कवी दुसऱ्याच गावच्या वाचनालयात जाऊन बसले होते. त्यांना त्याने बारा किलोमीटरवरून आणलं, आणि सहा चव्वेचाळीसला हॉलमध्ये सोडून, घाम पुसत, जसा काही आत्ताच घरून आलो अशा थाटात आपल्या खुर्चीवर बसला.

हे सगळं ठाऊक होतं फक्त बायकोला.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. राखीवपद मिळालं त्याच आठवड्यात तिने त्याला स्वयंपाकघरात उभं केलं, समोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "बोला." डोळ्यांवरचं भाषण होतं. पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं झालं. तिने हातात पेन्सिल घेतली. "हे तुम्ही बोलत नाही आहात, हे पुस्तक बोलतंय," असं म्हणत म्हणत तिने अर्ध्याहून जास्त मजकूर उडवला, आणि उरलेला स्वतःच्या गोल अक्षरात लिहून काढला. भिंतीवरच्या घड्याळाने अठरा मिनिटं. "दोन मिनिटं हसायला ठेवलीत," ती म्हणाली. ते सहा कागद कोटाच्या आतल्या खिशात गेले आणि कोटाबरोबर म्हातारे झाले.

गुरुवारी तो घरी परतला की ती ओट्याकडून मान न वळवता विचारायची, "आला का?"

"आला."

"बरं. हात धुवा."

एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच. फक्त एकदा, पानं वाढता वाढता, ती म्हणाली होती, "एक गुरुवार नका ना करू फोन. आभाळ कोसळत नाही."

"पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला होता.

वर्षातून एकदा, अध्यक्षपद एकाकडून दुसऱ्याकडे जायचं त्या सभेला, घरच्यांनाही बोलावणं असायचं. त्या दिवशी बायको निळा स्वेटर घालून तिसऱ्या रांगेत कडेला बसायची आणि सगळा वेळ दाराकडे बघायची. चष्मेवाल्याला वाटायचं, वक्ता येतो की नाही ही हिलाही काळजी. ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली, आणि मागच्या वर्षी ती रिकामी खुर्ची बघताना त्याच्या एकदम डोक्यात आलं: ती वक्ता येऊ नये म्हणून बघत होती. दरवर्षी. तेवीस-चोवीस वर्षं. एवढी साधी गोष्ट, आणि आपण दुसऱ्यांच्या नजरा तपासत बसलो! त्या दिवशी त्याला चहा गेला नव्हता.

आज पुन्हा तीच सभा होती. औषधवाल्याचं वर्ष संपत होतं आणि दातांची डॉक्टर अध्यक्ष होणार होती. पोरगी हुशार, कामाला वाघ. पंधरा दिवसांपूर्वी तिने चष्मेवाल्याची दाढ भरायला घेतली होती. तोंडात कापूस आणि नळी, वर पांढरा दिवा.

"काका, मी काही बदल करतेय," ती यंत्र चालवत म्हणाली होती. "राखीव वक्ता हे पद बंद करावं म्हणते. वक्ते नाही आले तर पडद्यावर एखादं चांगलं भाषण दाखवू. तसंही तुम्हाला उगाच दर गुरुवारी ताण. तुमची हरकत नाही ना?"

"आँ," चष्मेवाला म्हणाला.

"थँक्यू, काका. चूळ भरा."

झालं. सव्वीस वर्षं चुळीबरोबर गेली. घरी आल्यावर त्याने कोटातले कागद काढून पाहिले. घड्यांवर ते फाटायला आले होते. एकच संधी उरली होती, आणि तीही घरच्यांच्या सभेची. म्हणून आज फोन करायचा नव्हता.

दुपारी त्याने तीन चष्मे बसवले, एक दांडी जोडली, एका आजोबांना दोनदा एकच डबी दिली. चार वाजले. पाच वाजले. वक्त्या म्हणून बोलावलं होतं ते पुलांच्या बाईंना. तीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यात पूल तपासले होते. आता निवृत्त होऊन नदीपलीकडे एकट्या राहत. येतील की, त्याने स्वतःशी म्हटलं. आणि नाही आल्या तर नाही आल्या. आपण कुठे त्यांना अडवलंय?

साडेपाचला त्याने मागच्या खोलीत तोंड धुतलं, भांग पाडला आणि खुंटीवरच्या कोटाकडे हात नेला. हात तिथेच राहिला. डोळ्यांसमोर हॉल आला: पुढे मांडलेली ती एक खुर्ची, सगळ्यांच्या बायका, नवरे, मुलं, औषधवाला घड्याळ बघतोय, आणि आपण चौथ्या रांगेत साळसूदपणे बसलोय. आणि पलीकडे त्या बाई, ज्यांना उद्या कळेल की काल आपण शब्द मोडला. त्याला स्वतःची लाज वाटली, चांगली कानशिलं तापण्याइतकी. "माफ कर गं," तो मोठ्याने म्हणाला. शटर खाली ओढलं आणि स्कूटरला किक मारली. कोट खुंटीवरच राहिला.

पुलांच्या बाई अंगणात कुंड्या हलवत होत्या. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले.

"आज गुरुवार?" त्यांनी कपाळाला हात लावला, माती तिथेही लागली. "अहो, महिन्यापूर्वी तुमच्या अध्यक्षांनी विचारलं, मी हो म्हटलं. नंतर कोणी चकार शब्द काढला नाही, मी पार विसरले."

"चूक माझी. आठवणीचा फोन मी करतो. आज राहून गेला."

बाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तीस वर्षं भेगा शोधलेले डोळे ते.

"राहून गेला, की केला नाहीत?"

त्याने स्कूटर वळवून ठेवली. बाई आत गेल्या, सहा मिनिटांत कपडे बदलून आल्या. कपाळावरची माती तशीच होती.

मागे बसलेल्या माणसाला खरं सांगणं सोपं असतं. त्याचं तोंड दिसत नाही. पुलावर येईपर्यंत चष्मेवाल्याने सगळं सांगून टाकलं होतं. बाविसावं कलम, बाराचा फोन, सहा कागद, तिसरी रांग. दाढसुद्धा. बाई मध्येच म्हणाल्या, "थांबा, हळू घ्या," आणि कान देऊन चाकांचा आवाज ऐकत राहिल्या. पुलाचा तिसरा सांधा ओलांडल्यावर म्हणाल्या, "ठीक आहे. अजून वीस वर्षं बघायला नको. चला."

इकडे हॉलमध्ये सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वक्त्या नव्हत्या, हे एक. पण राखीवही नव्हता! असं कधी झालंच नव्हतं. औषधवाला दोनदा जिना उतरून रस्त्यावर बघून आला. दातांच्या डॉक्टरने पडदा सोडला, पण यंत्राची वायर भिंतीपर्यंत पोहोचेना. ती मग भर सभेत खुर्च्या सरकवत वायरबरोबर झटापट करत बसली. सहा त्रेचाळीसला जिन्यावर पावलं वाजली आणि पुलांच्या बाई आत आल्या. मागून साध्या शर्टात, केस वाऱ्याने उडालेला चष्मेवाला.

"हुश्श!" औषधवाल्याने सगळ्यांसमोर म्हटलं. मग त्याच्या कानाशी येऊन पुटपुटला, "अरे, तुझा कोट कुठेय?"

चष्मेवाल्याने छातीवर हात नेला. शर्टाच्या खिशात पेन होतं आणि काच पुसायचं फडकं. त्याला हसूच आलं. म्हटलं, बरं झालं, विषयच संपला. तो कडेच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. पुढची, तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. तिथे अजून कोणी बसत नसे.

बाई छान बोलल्या. कागद नाही, काही नाही. पुलाच्या खाली दोरीने लटकून हातोडीने ठोकत जायचं, आवाज बदलला की थांबायचं, असं सांगून त्यांनी पुढे ठेवलेल्या टेबलावर बोटांनी ठोकून दाखवलं. मग म्हणाल्या, "पूल बांधतो त्याचं नाव पाटीवर लागतं. तपासणाऱ्याचं नाही लागत. लागावं कशाला? त्याचं काम म्हणजे काही न घडणं. तीस वर्षं मी संध्याकाळी घरी गेले आणि काही घडलं नाही. लोकांना वाटतं, पूल मजबूत आहे. असतोच. पण कोणीतरी रोज जाऊन बघत असतं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला वीस मिनिटं दिली होती. दहा झाली. उरलेली दहा तुमच्या राखीव वक्त्यांची आहेत. ती माझ्याकडे चुकून आली."

आणि त्या खाली बसल्या.

हॉलमध्ये कुजबुज झाली. औषधवाल्याने नियमांच्या वहीकडे पाहिलं, दातांच्या डॉक्टरकडे पाहिलं, मग वही मिटली. "ये रे," तो म्हणाला.

चष्मेवाला उठला. पुढे जाईपर्यंत त्याला भाषणाचं पहिलं वाक्य पाठ होतं. टेबलाला हात लागला आणि ते गेलं. दुसरं आठवेना. अठरा मिनिटं सव्वीस वर्षं तोंडपाठ, आणि डोक्यात नुसता पांढरा कागद. पुढे सत्तर माणसं, त्यातली निम्मी त्याच्याच काचांतून बघत होती.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी राखीव."

हशा पिकला. त्याला जरा धीर आला.

"इथे जेवढे वक्ते आले, तेवढे मी सगळे ऐकलेत. तुम्हीही ऐकलेत, पण तुम्हाला मधून डुलकी घ्यायची सोय होती. मला नव्हती. मध्येच कोणी थांबलं असतं तर पुढचं मला बोलावं लागलं असतं." तो थांबला. "म्हणून माझ्या सगळं लक्षात आहे. आता ते कोणाला तरी सांगून ठेवतो."

आणि तो सांगायला लागला. मधमाश्या पाळणारा आला होता, डोक्यावरची जाळी काढायलाच विसरला आणि अर्धं भाषण जाळीतून केलं. एक माशी जन्मभर राबून चमच्याच्या बाराव्या हिश्शाएवढा मध करते, असं तो म्हणाला होता. त्या दिवसापासून हेडमास्तर मधाचा चमचा चाटूनपुसून साफ करायचे. आग विझवणाऱ्या दलातला एक जवान आला होता. "घरात शिरलं की आधी पलंगाखाली बघायचं. मुलं आगीपासून पळत नाहीत, लपतात." आपले बांधकामवाले ठेकेदार, जे उघड्या डोळ्यांनी झोपण्यात पटाईत, ते त्या दिवशी चहा न घेता घरी गेले आणि नातीला दारापर्यंत पळायला शिकवत बसले. पियानो सुरात लावणारे अंध गृहस्थ आले होते. चहाच्या वेळी त्याच ठेकेदारांना म्हणाले, "साहेब, डाव्या बुटाचा खिळा वर आलाय," आणि दुसऱ्या दिवशी खरंच तो खिळा पायात घुसला.

"लंगडत आले होते!" मागून कोणीतरी ओरडलं.

"आणि हेडमास्तर घंटा तीनदा वाजवायचे," दुसऱ्या एका आजी म्हणाल्या. "एकीवर विश्वास नव्हता त्यांचा!"

हॉल हसत होता. हेडमास्तर जाऊन नऊ वर्षं झाली होती, ठेकेदारांना सहा. ठेकेदारांची मुलगी पाचव्या रांगेत हसता हसता डोळे पुसत होती. चष्मेवाला टेबलाला धरून उभा होता.

"माझं भाषण तसं तयार होतं," तो म्हणाला. "एकाच माणसाने ऐकलं ते. स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून. तिला ते इथे ऐकायचं होतं. दरवर्षी ती तिथे," त्याने खुर्चीकडे हात केला, "बसायची आणि दाराकडे बघायची. वक्ता येऊ नये म्हणून. आणि दरवर्षी वक्ता यायचा, कारण मीच त्याला फोन करायचो. मी घाबरट, दुसरं काही नाही. आज म्हटलं, फोन करायचा नाही. नाहीच केला. पण मग जाऊन घेऊन आलो." त्याने चष्मा काढला, फडक्याने पुसला, पुन्हा घातला. "सवय. जात नाही ती. एवढंच."

तो जागेवर जाऊन बसला. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी पुलांच्या बाईंनी टेबलावर बोटांनी दोनदा ठोकलं, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"नऊ मिनिटं," औषधवाला घड्याळाकडे बघत म्हणाला. त्याने नाक शिंकरून घेतलं. "सव्वीस वर्षं फोन करत होता आणि मला मेल्याने सांगितलं नाही. गोळ्या मात्र फुकट नेल्या."

मग अध्यक्षपद बदललं. औषधवाल्याने गळ्यातली पदकाची साखळी काढली आणि दातांच्या डॉक्टरच्या गळ्यात घातली. ती तिच्या केसांत अडकली, दोघांनी मिळून सोडवली. तिने घंटा एकदा वाजवली. क्षणभर थांबली, आणि आणखी दोनदा वाजवली. मग आपला कागद उघडला.

"एक. वर्गणी होती तेवढीच राहील. दोन. डोळ्यांचं शिबिर यंदा नदीपलीकडच्या शाळेतही घेऊ." ती कागदाकडे बघत राहिली. "चार. वाचनालयाच्या जिन्याला कठडा."

चष्मेवाल्याचा हात वर गेला. सव्वीस वर्षांचं ऐकणं, ते थोडंच सुटणार?

"अध्यक्ष, तीन राहिला."

"तीन नाही, काका," ती म्हणाली, आणि पुढचं वाचायला लागली.

घरी पोहोचला तेव्हा सव्वाआठ झाले होते. त्याने दिवा लावला, चपला कोपऱ्यात ठेवल्या. कोट दुकानात होता. त्याशिवाय खांदे हलके वाटत होते आणि थोडे उघडेही. स्वयंपाकघरात जाऊन तो स्टुलावर बसला. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं.

साडेआठला मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राहायची. आई गेल्यापासून दर गुरुवारी या वेळेला तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, पुढे रक्तदाबाची गोळी, दूधवाला, तिच्या ऑफिसातल्या कटकटी.

"बाबा, आला का?"

तो ओट्याकडे बघत होता. उत्तर जिभेवरच होतं, बाराशे वेळा दिलेलं. ते निघेना.

"बाबा?"

"आले," तो म्हणाला. "दोघंही आले."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"किती मिनिटं?" तिने विचारलं.

"नऊ."

"बरं," मुलगी म्हणाली. आणि मग, जे तिने दोन वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, ते म्हणाली, "हात धुवा."